परगावची नाडी

दिनकर मगदूम यांची नाडी त्यांच्या मनगटात लागत नसे. ती तासगावच्या रेहाना मुल्ला यांच्या डाव्या मनगटात लागे, आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शालिनी बेडकिहाळ तिथे जाऊन ती मोजत, त्याला एकवीस वर्षं झाली होती.

मगदूम मिरजेच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. छातीत दुखतं म्हणून ते पहिल्यांदा आले, तेव्हा शालिनीबाईंनी मनगट, गळा, घोटा, सगळं चाचपलं. हृदय चालत होतं, नाडी नव्हती. त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या रेहानाबाई तक्रार घेऊन आल्या. एका मनगटात दोन नाड्या आहेत, त्यातली एक आपली नाही. शालिनीबाईंनी मगदुमांना दवाखान्याच्या आवारात दोन फेऱ्या भरभर मारायला लावल्या. इकडे रेहानाबाईंच्या मनगटातली परकी नाडी धावू लागली. निदान झालं.

पुढे तेच त्यांचं संशोधन झालं. बरोबरीचे डॉक्टर पुण्याला गेले, परदेशी परिषदांना गेले. शालिनीबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासगावची एसटी धरत. प्रबंध विद्यापीठात गेला तेव्हा समितीने विचारलं, "रुग्णसंख्या किती?"

"नाडी एक, माणसं दोन."

समितीने चहा मागवला, तासभर चर्चा केली आणि रकान्यात 'दीड' लिहून प्रबंध मंजूर केला.

एक नियम शालिनीबाईंनी स्वतः घातला होता. दोघांनी भेटायचं नाही. ओळख झाली की नाडी बुजेल आणि आकडे बिघडतील. रेहानाबाईंना तर नावही सांगितलेलं नव्हतं. त्या नुसतं 'ते' म्हणत.

"ते परवा दुपारी लई घाबरले होते, मॅडम," एकदा त्या म्हणाल्या. "मी हातातला ब्लाउज ठेवला आणि मनगट धरून बसले. दिवेलागणीपर्यंत."

शालिनीबाईंनी नोंद केली. दुपारी अडीच, एकशे अठ्ठेचाळीस. त्या दुपारी मगदुमांची बायको गेली होती. हे त्यांनी रेहानाबाईंना सांगितलं नाही, आणि कुणी आपल्यापायी मनगट धरून बसलं होतं हे मगदुमांनाही कळू दिलं नाही.

यंदा मगदुमांच्या रक्तवाहिन्यांत तीन अडथळे निघाले. बायपास ठरली. भूलतज्ज्ञांनी कागद तपासले आणि म्हणाले, "शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची नाडी खोलीत हजर पाहिजे." त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. शालिनीबाई गुरुवारीच तासगावला गेल्या.

"आज सोमवार न्हाई," रेहानाबाई म्हणाल्या.

"त्यांचं ऑपरेशन आहे. तुम्हाला यावं लागेल."

रेहानाबाईंनी मशीनवरचा पाय काढला. "नाव काय त्यांचं?"

शालिनीबाईंनी नाव सांगितलं. मग न विचारताच त्या दुपारचंही सांगितलं. रेहानाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग चुकलंच तुमचं, मॅडम."

"चुकलं," शालिनीबाई म्हणाल्या. प्रबंधात हे वाक्य कुठेच नव्हतं.

रेहानाबाईंनी मशीनवर कापड टाकलं. "चला."

वॉर्डात मगदूम उठून बसले. "बाई, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला असंल."

"त्रास कसला? तेवढं झोपताना तिखट खाऊ नका. मला जाग येते."

मगदुमांनी जरा संकोचून विचारलं, "बघू का?" त्यांनी रेहानाबाईंच्या अंगठ्याशेजारी बोटं टेकवली आणि एकवीस वर्षांनी स्वतःची नाडी पाहिली. ओठ हलवत त्यांनी ठोके मोजले. मग म्हणाले, "बरी चालते की."

शालिनीबाई खिडकीशी उभ्या होत्या. नाडी बुजली नव्हती.

शस्त्रक्रियेत हृदय चौऱ्याहत्तर मिनिटं थांबवलं होतं. रेहानाबाई हिरवा झगा घालून स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचं मनगट शालिनीबाईंच्या हातात होतं. "शेजारचं मशीन बंद पडल्यावानी वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. मग पडद्यावर हृदय पुन्हा चालू झालं.

"नाडी?" सर्जन डॉ. खोतांनी विचारलं.

रेहानाबाईंच्या मनगटात एकच नाडी होती, त्यांची स्वतःची. मगदुमांच्या मनगटात काहीच नव्हतं. खोत शांतपणे म्हणाले, "हृदय चालतंय म्हणजे कुठंतरी असणारच. बघा."

शालिनीबाईंनी स्वतःच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली. तिथे दोन होत्या.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "बहात्तर."

भूलतज्ज्ञांनी कागदांवरचा नाडीचा तासगावचा पत्ता खोडून मिरजेचा लिहिला. रेहानाबाई आपलं मनगट चोळत होत्या. "उन्हात चालले की त्यांना लगेच धाप लागते," त्यांनी सांगितलं. "अशा वेळी तुम्ही बसून घ्यायचं. आणि पहिल्या सोमवारी मी येत जाईन. मोजायला कुणीतरी लागंलच की."

नवव्या दिवशी मगदुमांना पहिल्यांदा जिना चढायची परवानगी मिळाली. तळमजल्यावर शालिनीबाईंच्या तपासणीच्या खोलीत एक गृहस्थ नुकतेच येऊन बसले होते. त्यांना नाव विचारता विचारता बाई थांबल्या. डावा हात टेबलावर पालथा ठेवून त्या स्वस्थ बसून राहिल्या. वरच्या मजल्यावर मगदूम कठड्याला धरून टेकले, श्वास जागेवर आला, तेव्हा खाली शालिनीबाईंनी पेन उचललं.

"हं," त्या म्हणाल्या. "काय नाव म्हणालात?"