राजवाड्याकडे पाठ करून

म्हैसूरचा राजवाडा बघायला आलेल्या माणसाच्या हातातला मोबाईल काढून घेणारा एक तर चोर असतो, नाहीतर आमचे शेजारी नागोजीकाका.

चोर निदान गुपचूप घेतो. काका सात वाजत आले की खाकी कापडाची पिशवी उघडतात आणि आरतीचं तबक फिरवावं तशी सगळ्यांपुढून फिरवतात. "घाला, घाला. बेगा बेगा. लाइट लागल्यावर परत देतो."

रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्यावरचे सगळे दिवे एकदम लागतात. त्या क्षणी अख्खं मैदान राजवाड्याकडे बघत असतं आणि काका राजवाड्याकडे पाठ करून आमच्या पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत असतात. ज्याचा जन्म विजेच्या खात्यात गेला, त्या माणसाची ही तऱ्हा!

आम्ही मूळचे सांगलीचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरच्या हूटगळ्ळीत घर घेतलं, आणि आपल्याला नातेवाईक किती आहेत ते त्यानंतर कळलं. सांगलीत असताना ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही, तेही "सहज आलो" म्हणून सहकुटुंब उतरू लागले. माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि काकांना मात्र आनंदाचं भरतं यायचं. गुरुवार उजाडला की कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर येणार आणि ठरलेला प्रश्न विचारणार, "काय वैनी, ह्या आयतवारी कोण हाय का?"

काकांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले. कुठल्या गावाहून, ते आता घरात कुणालाच ठाऊक नाही. गाव विसरलं, भाषा तेवढी राहिली, तीही सांबार कालवलेल्या भातासारखी. काका माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला वैनी म्हणतात, कारण त्यांच्याकडे शेजारणीला असंच म्हणतात. पूर्वी ते मंडी मोहल्ल्यात राहायचे. मुलानं इथे घर बांधलं आणि त्यांना घेऊन आला.

दिवसा राजवाडा दाखवायला ते कधीच येत नाहीत. "आत काय हाय? कुर्च्या. कुर्च्या तुमच्या गावात न्हाईत काय?" चामुंडीचा डोंगर, देवराज मार्केट, म्हैसूरपाक, सगळं आम्ही उरकायचं. रविवारची संध्याकाळ मात्र काकांची. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवी काखेत मारून ते आमच्याही आधी फाटकाशी उभे.

परतताना बसमध्ये निकाल लागतो. दिवे लागताना कुणाच्या तोंडून काय निघालं, यावर काका माणसं पास-नापास करतात. माझा आयटीतला भाचा "वॉव" म्हणाला, साफ नापास. धाकट्या जावेनं नुसता श्वास ओढला. "स्वल्प बरं," काका म्हणाले, म्हणजे काठावर पास. माझे बँकेतून निवृत्त झालेले नणंदोई दिवे बघून म्हणाले, "बिल किती येत असेल हो?" त्यांच्याशी काका पुढे दोन दिवस बोलले नाहीत.

ह्याच नणंदोईंनी मोबाईल द्यायलाही खळखळ केली होती. "अहो, फोटोच नाही काढला तर म्हैसूरला येऊन गेलो हे लोकांना पटायचं कसं?"

"फोटो उद्या बी मिळतो, साहेब. तोंड मिळत न्हाई," काका म्हणाले आणि फोन पिशवीत गेला. तिथून तो वाजायला लागला. मग दुसरा वाजला, मग तिसरा. काखेत किणकिणती पिशवी धरून राजवाड्याकडे पाठ करून उभा असलेला म्हातारा बघून एक पोलीस हवालदार आला. काकांनी त्याला कन्नडात काहीतरी सांगितलं. हवालदारानं पिशवीत डोकावून पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत स्वतःचा मोबाईल पँटच्या खिशात खोल सरकवला.

आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त. घरी त्यांची नक्कल करून दाखवायचे.

मग माझी आत्या आली. मिरजेजवळच्या खेड्यातली, जन्मात पहिल्यांदाच इतक्या लांब. तिच्याकडे मोबाईलच नव्हता, त्यामुळे काकांनी पिशवी तिच्यापुढून आदरानं नेली. ती आपली चपला हातात घेऊन उभी होती. एवढ्या मोठ्या वाड्यापुढे चपला घालून उभं राहायचं तिला बरं वाटेना.

दिवे लागले. आत्यानं दोन्ही हात गालांवर मारले, चपलांसकट, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आगं बया!"

आता काका खूश होतील, पहिला नंबर देतील म्हणून मी वळले. काकांच्या हातातून पिशवी खाली पडली होती. ते तशीच टाकून बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी धावले. पाणी दिलं.

"काय होतंय, काका?"

"सुम्ने, उगीच. काय न्हाई." त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "आमची सोना अशीच म्हणायची. लग्न झाल्यावर पहिल्या आयतवारी हिकडं आणली. खेड्यातली पोरगी. लाइट लागली आणि 'आगं बया!' म्हणून वरडली. माणसं हसली. मी वळून बघितलं तर हिच्या तोंडावर सगळी लाइट. मत्ते, परत मी राजवाडा बघितलाच न्हाई, वैनी. दर आयतवारी मंडी मोहल्ल्यातून दोगं चालत यायचो. ती राजवाडा बघायची, मी तिला बघायचा. आणि दर बारी तसंच म्हणायची, जसं काय आजच बघितलं."

सोनाबाई हूटगळ्ळीला यायच्या आधीच गेल्या. मुलगा, सून, नातू कन्नड बोलतात. "पोरं चांगली हायत हो, लई चांगली. पण घरात मराठी बोलणारी आमी दोगंच होतो. ती गेली. मत्ते मी कुणाशी बोलायचं?"

 माझ्या घरी पाहुणे आले की मी कपाळाला हात लावायचे आणि भिंतीपलीकडे हा माणूस गुरुवारपासून त्यांची वाट बघायचा. फार वाईट वाटलं. आत्यानं खाली पडलेली पिशवी झटकून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसून, ते कुणाचे कोण हे विचारायला लागली. परतीची बस आम्ही दोनदा सोडली.

आत्या गेली. पुढच्या गुरुवारी डोकं वर आलंच नाही. रविवारी दुपारी मीच त्यांचं दार वाजवलं.

"पाहुणे?" काकांनी माझ्या मागे बघत विचारलं.

"कुणी नाही. शर्ट घाला."

मैदानात पोचल्यावर मी त्यांच्याकडून पिशवी काढून घेतली, माझा मोबाईल तिच्यात टाकला आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी निमूटपणे बटणांचा जुना फोन टाकला. मग मी त्यांना खांद्याला धरून राजवाड्याकडे वळवलं आणि स्वतः पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अय्यो, वैनी, हे काय? बेड, बेड. नको."

"समोर बघा, काका."

दिवे लागले ते मला त्यांच्या चष्म्यात दिसले. मग सुरकुत्यांवर, मग अर्धवट उघडलेल्या तोंडावर. इतकी वर्षं इथे येणारा हा माणूस लहान मुलासारखा बघत राहिला. ओठ हलले.

"आगं बया," काका हळूच म्हणाले.

आणि सवयीनं त्यांनी मान वळवून शेजारी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला, घसा खाकरला.

"वैनी, पुढल्या आयतवारी कोण हाय का?"

"आहे ना," मी म्हटलं. "मी आहे."