मुख्य पाहुण्या शोभाताई

चहा ही प्यायची वस्तू आहे, असा गैरसमज अजूनही बऱ्याच चांगल्या घरांत आढळतो. प्रगत समाजात चहा करायचा असतो. पिणं हा त्यातला एक किरकोळ आणि जरासा कडवट उपविभाग होय.

मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात राहणाऱ्या यामिनीला हे सत्य क्लेटन या दुसऱ्या उपनगरात गवसलं. आयटीतल्या नोकरीने तिचं चित्त थाऱ्यावर राहीना, तेव्हा ती हारुको-सान नावाच्या वयस्क बाईंच्या जपानी चहाविधीच्या वर्गाला जाऊ लागली. दर शनिवारी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फ्रीवेवरच्या तमाम चालकांचा उद्धार करत, ती मनःशांतीसाठी जाई. पहिलं अख्खं वर्ष रेशमी रुमालाची घडी शिकण्यात गेलं. (वर्गात तिला उतावीळ समजत.) मग बांबूच्या छोट्या रवीने हिरवी भुकटी घुसळणं आलं. वाडग्याची देखणी बाजू पाहुण्याकडे करणं आलं. समोरचा माणूस आयुष्यात पुन्हा असा भेटणार नाही, असं समजून त्याच्याकडे पूर्ण लक्ष द्यायचं, हे विधीचं सार. फोन दाराबाहेरच्या टोपलीत.

विधीत ऋतूला मोठा मान. एप्रिलात मेलबर्नची पानं गळत असताना वर्गात, जपानात वसंत म्हणून, चेरीच्या बहराचं चित्र टांगून गुलाबी मिठाई वाटली जाई. स्थानिक विद्यार्थी गोंधळत. यामिनीला मात्र काहीच अडचण आली नाही, कारण ती मराठी मंडळाची सभासद होती. भर जानेवारीच्या उन्हाळ्यात काळी साडी नेसून, थंडी बाधू नये म्हणून तिळगूळ खाण्याचा तिला दांडगा अनुभव होता.

अशात पुण्याहून तिची आई आली. शोभाताईंचा व्हिसा तीन महिन्यांचा. त्यातले बरेचसे संपत आले तरी लेकीशी बोलणं असं झालं नव्हतं. सकाळी यामिनी मगात टी-बॅग टाकून आईसमोर ठेवी आणि कानात हेडफोन घालून म्हणे, "आई, थांब हं, कॉलवर आहे." संध्याकाळी ती रुमालाच्या घड्यांचा सराव करी. तेव्हा जावई, अपूर्व, दबक्या आवाजात सांगे, "आई, आत्ता नको. ती माइंडफुलनेस करतेय."

शोभाताईंची हयात महापालिकेत गेली होती. काम अडलं की वरच्या साहेबाला भेटावं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अपूर्व, त्या बाईंचा नंबर दे बघू," त्या म्हणाल्या.

वर्गात पाहुण्यांचा कायमच तुटवडा होता. यजमान व्हायला सगळे उत्सुक, पण तासन् तास जमिनीवर बसायचे गुडघे कोणाकडे नव्हते. मांडी घालून बसता येणारी बाई मिळतेय म्हटल्यावर हारुको-सान हरखल्या. वयाचा मान म्हणून त्यांनी शोभाताईंना थेट मुख्य पाहुण्याचं पद दिलं.

शनिवारी यामिनीने सरकतं दार उघडलं, तर समोर आई. विधीत ओळख दाखवण्याची तरतूद नसल्यामुळे दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला.

पाहुण्याने फक्त ऋतू आणि भांड्यांविषयीच बोलायचं असतं. शोभाताईंनी चेरीच्या चित्राचं कौतुक केलं. बाहेर पानगळ आहे हे त्यांनी, पाहुण्या असल्यामुळे, बोलून दाखवलं नाही. मग त्या लेकीकडे बघत राहिल्या. कानशिलापाशी पांढरे केस होते. हनुवटी टोकदार झाली होती. लेक समोर होती आणि कॉलवर नव्हती.

शोभाताईंनी वाडगा तोंडाला लावला, तेव्हा यामिनीने शिकवल्याप्रमाणे खाली बघत जपानीत विचारलं, चहा कसा झालाय? अर्थ पाहुण्यांना आधीच सांगून ठेवला होता. उत्तर ठरलेलं असतं : उत्तम.

"उत्तम," शोभाताई मराठीत म्हणाल्या. "किती गं वाळलीस. झोपतेस का रात्री?"

यामिनीच्या हातातली पळी चटईवर पडली.

"काय म्हणाल्या त्या?" हारुको-साननी इंग्रजीत विचारलं.

यामिनीने पळी उचलली. मग नाक ओढून ती म्हणाली, "She says it's just right."

परत येताना दोघी वेरिबीपर्यंत बोलत होत्या. फ्रीवेवर कोणालाही शिवी बसली नाही. सोमवारी सकाळी मगात टी-बॅग पडली आणि यामिनी कॉलवर गेली. पण पुढच्या शनिवारची मुख्य पाहुणी ठरलेली होती, आणि विमानात बसेपर्यंत ते पद शोभाताईंनी कोणाला दिलं नाही.

ही बातमी मंडळात पसरली. तेजश्रीने आपल्या आईचं नाव दिलं, हृषिकेशने आईवडील दोघांचं. घरीच, समोरासमोर बसून चहा घ्यावा, ही सूचनाही एकदा आली होती, पण प्रशिक्षित यजमानाअभावी ती मागे पडली.

सध्या वर्गाला मोठी प्रतीक्षायादी आहे. वाचकांनीही आपल्या आईचं नाव जरूर द्यावं. तिचा नंबर लागेपर्यंत काळजी नको. तुम्ही तिला फोन करताच की : रविवारी, गाडी चालवताना, स्पीकरवर, पुढचा सिग्नल लागेपर्यंत.