कोरड्या हवेचा झोत

सासूबाई राहायला आल्या आणि हवामान केंद्राच्या आवारातलं पाणी दुप्पट वेगाने हवेत उडू लागलं. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला जावयाला आठवडा लागला. तो शास्त्रीय वृत्तीचा होता. संभाव्य कारणांत सासूला त्याने आदरापोटी शेवटचा नंबर दिला होता.

जावई त्या केंद्रावरचा एकुलता एक निरीक्षक. गल्ली त्याला अंदाजपंत म्हणायची. बिचाऱ्याने उभ्या आयुष्यात अंदाज म्हणून कधी केला नव्हता. तो फक्त मोजायचा. केंद्र म्हणजे कुंपणातलं थोडं गवत, चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं आणि जाळीने झाकलेली एक भली मोठी पत्र्याची परात. परातीत मधोमध एक टोकदार खूण होती. पाणी त्या टोकापर्यंत भरून ठेवायचं. दिवसभरात ऊन-वारा त्यातलं थोडं घेऊन जाणार. दुसऱ्या सकाळी मापाने पाणी घालून पुन्हा टोक गाठायचं. जेवढं घालावं लागलं तेवढी वाफ झाली. मग तो आकडा फोनवरून मुख्य कार्यालयाला कळवायचा. नोकरी म्हणजे एवढंच, पण अंदाजपंताने तिच्यात कधी खोटा आकडा मिसळला नव्हता.

आठवडाभर आकडे चढत गेल्यावर मुख्य कार्यालयातून साहेबांचाच फोन आला.

"काय हो, तुमच्याकडे वाळवंट झालंय का?"

"नाही साहेब. ढगाळ आहे. मी स्वेटर घालून बोलतोय."

"मग पाणी जातंय कुठे?"

"वर, साहेब. नियमाप्रमाणे."

"हे बघा, मी स्वतः येतोय. आकडे खरे निघाले तर उत्तम. नाहीतर केंद्र बंद, आणि तुम्ही इकडे मोडक्या यंत्रांच्या गोदामात."

त्याने ही बातमी बायकोला सांगितली. तिला कोपऱ्यावरच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. ती वह्या तपासत म्हणाली, "तू जा गोदामात. मी आणि आई इथेच राहतो. सुट्टीत भेटायला येत जा, उपकरणं झाडून झाली की."

अंदाजपंत कामाला लागला. परात गळते का म्हणून त्याने पोटावर झोपून तिचा तळ पुसून पाहिला. कोरडा. पक्षी पितात का म्हणावं, तर जाळी जागच्या जागी. शेवटी एका दुपारी तो पांढऱ्या पेटीमागे लपला. ती पेटी पायांवर उभी असल्यामुळे तिला त्या दिवशी सहा पाय दिसत होते.

सासूबाई बादली घेऊन आल्या. त्यांनी नाजूक हाताने जाळी उचलली, बादली बुडवली, जाळी होती तशी ठेवली आणि सहा पायांच्या पेटीकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, तिथे मुंग्या आहेत हो."

"आई, काय करताय तुम्ही!"

"झाडांना घालतेय. माझ्या कुंड्या सुकल्यात."

"अहो, ते पाणी उडून जाण्यासाठी ठेवलंय!"

"मग तुमचं काय गेलं? उडून वायाच जाणार होतं ना? झाडं पितील. पानांतून शेवटी हवेतच जाईल ते. जरा फिरून जाईल, इतकंच."

अंदाजपंताने मनातल्या मनात ताडून पाहिलं. ते बरोबर होतं.

त्याने ठरवलं, साहेब आले की खरं ते सांगून टाकायचं. गोदाम तर गोदाम.

साहेब आले ते मुळी फुलून. हातात नकाशा, डोळ्यांत चमक. "सापडलं! समोरच्या दोन टेकड्यांमधून कोरड्या हवेचा एक अरुंद झोत येतो. तो थेट तुमच्या परातीवर पडतो. मी परिषदेत निबंध वाचतोय यावर. सगळ्यांना सांगून बसलोय."

"साहेब, एक बोलायचं होतं—"

"नंतर! आधी बोट ओलं करा."

दोघे आवारात ओलं बोट वर करून उभे राहिले. रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला वाटलं, हे परवानगी मागतायत. त्याने मान हलवून ती दिली.

बोटाला काही लागेना. मग साहेबांनी आपला रुमाल धुऊन परातीशेजारच्या कुंपणावर टाकला आणि खुर्ची घेऊन बसले. दुपारपर्यंत रुमाल जसाच्या तसा ओला होता आणि परातीतलं पाणी टोकाला चिकटून बसलं होतं.

"झोत निवडक दिसतोय," साहेब म्हणाले. पण आवाजातली हवा गेली होती.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "बिचारा," त्या लेकीला म्हणाल्या, "इतक्या लांबून आला आणि पाणी ढिम्म हलेना. तोंड बघ केवढंसं झालंय."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडू?"

जेवण झाल्यावर साहेबांना खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा परातीतलं पाणी चांगलं खाली गेलं होतं. साहेब असे उडाले की खुर्ची पडली. "झोत! झोत येऊन गेला! आणि मी झोपलो होतो!"

अंदाजपंताने डोळे मिटून घेतले आणि एका दमात सांगितलं, "साहेब, झोत वगैरे काही नाही. पाणी आमच्या सासूबाईंनी नेलं. आठवडाभर त्याच नेतायत."

साहेबांनी पडलेली खुर्ची सरळ केली. "सासूवर जावयांनी घेतलेले पुष्कळ आळ ऐकलेत मी. पण बाष्पीभवनाचा? लाज वाटते का थोडी?"

"अहो, विचारा त्यांनाच!"

सासूबाई रिकामी बादली घेऊन दारात उभ्याच होत्या. "खरंय ते. मीच नेलं. कुंड्यांना घातलं."

साहेबांनी कुंपणावरचा ओला रुमाल ओढून डोळे टिपले. "बघा! जावयाची नोकरी वाचावी म्हणून ही माउली चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतेय, आणि तुम्ही? मावशी, तुम्ही काळजी करू नका. केंद्र बंद होत नाही."

"पण बादली ओली आहे," अंदाजपंत म्हणाला.

"बादल्या ओल्याच असतात," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

थोड्या दिवसांनी सासूबाई मुलाच्या घरी परतल्या. दुसऱ्याच सकाळी अंदाजपंताने पाणी मोजलं आणि नेहमीसारखा खराखुरा, मरतुकडा आकडा कळवला. पाठोपाठ साहेबांचा फोन.

"हे काय? परवा परिषद आहे! झोत कुठे गेला?"

"झोत कालच्या बसने गेला, साहेब. मुलाकडे. चार बॅगा होत्या."

पलीकडे शांतता पसरली. ती लांबत गेली. इतकी, की फोन कट झाला असं वाटून अंदाजपंताने दोनदा "हॅलो" केलं. साहेबांच्या डोक्यात रुमाल, बादली आणि आपली डुलकी एकेक करून जागेवर बसत असल्याचं त्याला जवळजवळ ऐकू येत होतं.

"बरं," अखेर साहेब अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "परत कधी येतायत?"

"साहेब! सासूबाई म्हणजे काही नैसर्गिक घटक नव्हेत!"

"तुम्ही पाठवल्या होत्या का त्यांना पाणी न्यायला?"

"नाही."

"थांबवू शकला असतात?"

अंदाजपंताने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग नैसर्गिकच," साहेब म्हणाले. "आपण फक्त मोजायचं."