सत्यवानानं न पाहिलेलं हुफूफ

सत्यवान चार वर्षांनी अरबस्तानातून धामापूरला उतरला तो दुपारच्या एसटीनं, आणि घरी पोचायच्या आत त्याला कळलं की आपण फार मोठे प्रवासी आहोत.

तिठ्यावर दुकानवाल्या बाबलीनं त्याची ट्रंक उतरवून घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला. "काय रे, उंटान लाथ मारलेली तो पाय बरो झालो मां?"

"खंयच्या उंटान?"

"घे! हुफूफच्या बाजारातल्या!"

सत्यवानानं पायाकडे बघितलं. पाय धडधाकट होता. पुढे पाणंदीत आनंदीबाई भेटली. हुफूफच्या गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळ केली की आखडलेले सांधे सुटतात, असं त्यानंच कळवलं होतं म्हणे. मग एखादी बाटली भरून आणली का?

आता खरं काय ते सांगून टाकतो. सत्यवान होता तेलकंपनीच्या वाळवंटातल्या तळावर, स्टोअरमध्ये कारकून. हुफूफ तिथून जेमतेम वीस मैल. खजुराच्या बागा, गरम पाण्याचे झरे, उंटांचा बाजार, सणाला तलवारी घेऊन नाचणारी माणसं, सगळं तिथं. दर शुक्रवारी सुट्टी, आणि कंपनीची गाडी माणसं भरून तिकडे जाई, तीही फुकट. आणि हा पठ्ठ्या? कपडे धुवी, पेज करी आणि ताणून देई. "पुढल्या शुक्रवारी बघू" म्हणत दोनशे शुक्रवार घालवले. आळसाला काही सुमार! घरी पत्रं धाडी तीही तसलीच. "तीर्थरूप अप्पांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल. इथे ऊन फार. आपली प्रकृती जपावी." संपलं पत्र.

घरात पाऊल टाकताच त्यानं बापाला गाठलं. अप्पा निवृत्त शाळामास्तर, बायको गेल्यापासून एकटेच.

"अप्पानू, माका उंटान खंय लाथ मारल्यान?"

अप्पा चष्मा पुसू लागले. "अरे, तुझा पत्र इला की लोक देवळात जमत. मास्तराच्या झिलाचा पत्र, वाचा म्हणत. चार ओळी वाचून माणसांका घराक कशी धाडू? तू एकदा कंपनीचा चित्रांचा पुस्तक धाडलेलंस, तेच्यातलाच थोडा थोडा जोडलंय."

"थोडा?"

"उंटाची लाथ तेवडी माझी."

"नि आता?"

"आता सांजेक देवळात तुझा भाषण ठेवलेला आसा." अप्पांचा आवाज बारीक झाला. "झिला, माझी अब्रू सांभाळ रे. चाळीस वर्सां ह्या गावातल्या पोरांका खरां बोलूक शिकवलंय."

आली का पंचाईत! बापासाठी थापा मारायला सत्यवान तयार होता. चार वर्षांत बापासाठी दुसरं केलं तरी काय होतं? त्यानं संध्याकाळपर्यंत उंट, झरा, नाच सगळं तोंडपाठ केलं. पण भगवतीच्या देवळात गुरवानं देवीला गाऱ्हाणं घालून गावाच्या वतीनं मागणं मागितल्याशिवाय काही सुरू होत नाही, हे बापलेक दोघंही साफ विसरले.

गुरव दाजी नारळ घेऊन उभा राहिला. "गे आवशी भगवती, ह्या तुझा लेकरू लांबच्या मुलखातसून इला हा. थंय तेणा आपल्या डोळ्यांनी जां बघल्यान..."

"व्हय म्हाराजा!" देऊळ गरजलं.

"तांच तेच्या तोंडातसून येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"खोट्याचो एक शबूद इलो, तर तूच तेका बघून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज अप्पांचा, सवयीनं निघून गेलेला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि चेहरा पार उतरला.

सत्यवान उभा राहिला. समोर देवी, बाजूला बाप. पाठ केलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "मी हुफूफ बघूकच नाय," तो कसाबसा म्हणाला. "दोनशे वेळा गाडी गेली नि मी निजान ऱ्हवलंय. माका क्षमा करा."

अप्पांनी मान खाली घातली. एक शुक्रवार, फक्त एक शुक्रवार उठलो असतो तर म्हाताऱ्यावर ही वेळ आली नसती, असं वाटून सत्यवानाला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"इतक्याच मां?" आनंदीबाई म्हणाली. "तां आमका ठावक आसा."

"ठावक?"

"मेल्या, पत्राचो कागद वितभर नि अप्पा वाचीत तासभर! आमी काय खुळी? आमी येत होतो ती अप्पाक ऐकूक. तू बस खाली."

बाबली हसला. "उंटाचा मी मुद्दाम विचारलंय. म्हटलां, बापलेकांचा सांगणा जुळता काय बघूया."

"पण माझा गाऱ्हाणा?" दाजी कळवळून म्हणाला.

"तां झिलासाठी घातलंस. बापसासाठी खंय?" आनंदीबाईनं विचारलं. दाजीनं देवीकडे बघितलं, थोडा विचार केला आणि खाली बसला.

अप्पांनी आढेवेढे घेतले, पण कोणी सोडलं नाही. शेवटी खिशातून एक कागद निघाला. वाचायचं राहिलेलं एक पत्र होतं म्हणे! आणि सत्यवान पुढच्या रांगेत मांडी घालून जन्मात पहिल्यांदा हुफूफ बघू लागला. खजुराच्या दाट सावल्या, पाटातून वाहणारं कोमट पाणी, ढोलावर नाचणाऱ्या तलवारी. शेवटाला येताना अप्पा सावकाश वाचू लागले. "झऱ्याच्या काठी बसलो होतो. पाणी बघून आपलं धामापूरचं तळं आठवलं. आणि अप्पा, तुमची आठवण तर रोजच येते."

आनंदीबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि सत्यवानाला कोपरानं ढोसलं. "पत्राच्या ह्या ओळीक मी दर खेपेक रडतंय. बाकीचा सगळा अप्पाचा, पण ही ओळ तरी तुझी मां रे?"

आठवण रोज येत होती, अगदी देवीची शपथ. पण ओळ त्याची नव्हती. सत्यवानानं मान हलवली, "नाय" म्हणाला, आणि बापाकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.