हे वहीत नाय

भाऊसाहेब कुणाशीही बोलायला जाण्याआधी ते बोलणं वहीत लिहून काढायचा. स्वतःचं तर लिहायचाच, पण समोरच्याचंही लिहायचा. दोनशे पानी वही, डाव्या पानावर 'मी' आणि उजव्या पानावर 'तो'. विद्यापीठाच्या हॉस्टेलात दोन वर्षं मी त्याचा रूममेट होतो, त्यामुळे त्या वहीत माझीही पुष्कळ वाक्यं आहेत. त्यातली निम्मी मी अजून उच्चारलेली नाहीत.

पोरगा कन्नड तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, केमिस्ट्रीत हुशार. "आपलं आपण बोलू रे," तो म्हणायचा, "पण पलीकडचा काय म्हणंल, ह्याची लई धास्ती वाटती." म्हणून पलीकडच्याचंही तोच ठरवून टाकायचा. एकदा औरंगपुऱ्यात आम्ही झेरॉक्स काढायला गेलो. वहीप्रमाणे दुकानदारानं "किती कॉपी?" असं विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "मशीन बंद हाय." भाऊसाहेबाचा चेहरा पडला. त्यानं काउंटरवर वही उघडली, उजव्या पानावर बोट ठेवलं आणि अजीजीनं म्हणाला, "हे वहीत नाय." दुकानदार आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी ओळख दाखवली नाही.

वहीबरहुकूम बोलणारा माणूस त्याच्या आयुष्यात एकच होता, त्याचे वडील. दर रविवारी संध्याकाळी तो अण्णांना फोन लावायचा. फोन स्पीकरवर, वही दोन्ही हातांत.

"जेवला का?"

"व्हय."

"अभ्यास?"

"चालू हाय."

"बरं, ठेव."

अण्णा एक शब्द इकडचा तिकडे करत नसत. भाऊसाहेबाला त्याचं केवढं कौतुक! मला मात्र ते "बरं, ठेव" ऐकलं की उगाच कसंतरी व्हायचं.

अशा माणसाला सरांनी सेमिनारसाठी जोडीदार दिला तारिक. तारिक येमेनचा. तीन दिवस भाऊसाहेब धड जेवला नाही. इंग्रजी यथातथा, अरबीचा गंध नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर एक पान तयार झालं. डावीकडे 'हॅलो, हाऊ आर यू?' आणि उजवीकडे, खास इंग्रजी अक्षरांत, 'आय अ‍ॅम फाइन.'

तारिक फाइन वगैरे काही म्हणालाच नाही. त्यानं छातीवर हात ठेवला आणि भाऊसाहेबाची तब्येत कशी, वडील कसे, आई कशी, भाऊ कसे, घर कसं, अशी एकेक करत मोडक्या इंग्रजीत चौकशी सुरू केली. त्यांच्याकडची भेटण्याची रीतच ती. पण भाऊसाहेबाला वाटलं, घरी काहीतरी विपरीत झालंय आणि ते याला आपल्याआधी कळलंय. त्यानं तिथल्या तिथं अण्णांना फोन लावला. मंगळवार होता. "आज कामून फोन?" अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. दोघं बाप-लेक एकमेकांना घाबरवून मोकळे झाले.

फोन ठेवून त्यानं तारिकसमोर वही धरली. तारिकनं ते पान निरखून पाहिलं, त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "आय अ‍ॅम फाइन!" मग कळलं, इंग्रजीची धास्ती त्यालाही तेवढीच होती. आपली वाक्यं कुणीतरी आयती लिहून देतंय म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. तेव्हापासून तो रोज सकाळी आमच्या दारात उभा राहायचा. "ब्रदर, माय लाइन?"

सेमिनारही दोघांनी वहीतूनच पार पाडला. 'इथं थोडं हसायचं' असंही त्यात लिहिलं होतं, आणि दोघं हसलेही, एकदम. सरांनी भलताच प्रश्न विचारला तेव्हा मात्र दोघं पानं उलटत बसले. कसेबसे पास झाले.

पुढं मार्चमध्ये तारिकच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दिवसापासून घरचा फोन लागेना. तीन दिवस झाले. तारिक खोलीत बसून राहिला, मेसमध्ये येईना. आम्ही त्याच्या दारावरून जायचो आणि पावलं भरभर उचलायचो. काय बोलायचं, हेच कुणाला कळत नव्हतं.

रविवारी सकाळपासून भाऊसाहेब वही घेऊन बसला. लिही, खोड, लिही, खोड. दुपारी उठून म्हणाला, "चल." मला धडकीच भरली. हा आता तिथं जाऊन त्या बिचाऱ्याच्या तोंडी 'आय अ‍ॅम फाइन' घालणार!

तारिक पलंगावर फोन मुठीत धरून बसला होता. भाऊसाहेब शेजारी टेकला आणि त्यानं वही उघडून मांडीवर ठेवली. डावं पान खाडाखोडीनं भरलं होतं. उजवं कोरं होतं. तारिक त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला.

"ब्रदर," तो म्हणाला, "माय लाइन?"

"नाय लिहिली," भाऊसाहेब म्हणाला, चक्क मराठीत. "तू बोल. मी हाय हितं."

तारिकला काय कळलं कोण जाणे. पण तो बोलू लागला, अरबीत. आधी अडखळत, मग घडाघडा. मध्येच खबर, दुनिया असे आपल्याही ओळखीचे शब्द यायचे, बाकी काही कळत नव्हतं. भाऊसाहेब थोड्या थोड्या वेळानं "व्हय" म्हणत होता. त्याच्या कपाळावर नेहमीचा घाम नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं.

चारच्या सुमाराला तारिकचा फोन वाजला. वडील शुद्धीवर आले होते. त्याला घरच्यांशी बोलायला सोडून आम्ही बाहेर आलो. वही त्याच्या पलंगावरच राहिली.

संध्याकाळी जिन्यात भाऊसाहेबानं अण्णांना फोन लावला. जेवला का, व्हय, अभ्यास, चालू हाय.

"बरं, ठेव."

"ठेवू नका, अण्णा," तो घाईनं म्हणाला. "बोला ना. काय बी बोला."

मलाच घाम फुटला.

"काय बोलू रं," अण्णा म्हणाले. "मला तर दर रविवारी लई बोलायचं ऱ्हातं. पण वाटतं, तुला अभ्यास असंल."

भाऊसाहेब पायरीवर बसला. अण्णा विहिरीपासून सुरुवात करून बोलत राहिले आणि हा थोड्या थोड्या वेळानं "व्हय" म्हणत राहिला.