हिरव्या हुकुमाची आणि वाघडोंगरीच्या ढोलाची हकीकत

श्री वनदेवता रक्षणास समर्थ. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, फाल्गुन मासी राज्यात वणव्याचा बंदोबस्त कैसा जाहला, ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. मागील साली सात डोंगर जळाले, तेव्हा दरबारी थोर खेद जाहला, आणि श्रीमंतांनी फर्माविले की आग येण्याआधी वर्दी आली पाहिजे, आणि मग परमुलखातून हवा मोजणारे यंत्र आणविले. ते वारा, उष्मा आणि हवेतला ओलावा मोजून दिवसाचा रंग सांगे. हिरवा म्हणजे निर्धास्त, तांबडा म्हणजे घात. यंत्र वाघडोंगरीवर बसवावे ऐसे ठरले होते, परंतु कारभारी विसाजीपंत बोलिले, "एवढे मोलाचे यंत्र काट्याकुट्यांत ठेवणे दरबारास शोभत नाही." मग ते कचेरीच्या बागेत कारंजाशेजारी बसविले, आणि माळ्यास ताकीद जाहली की भोवती धूळ दिसता कामा नये, सबब माळी दोन्ही वेळा पाणी शिंपू लागला. यंत्र बिचारे खरे बोलणारे. जेथे उभे केले तेथलीच हवा सांगे. रोज हिरवा.

वाघडोंगरीच्या माथ्यावर सुकरू मडावी म्हणून रानराखा होता. धूर पाहणे आणि धोका दिसता ढोल बडविणे ही त्याची चाकरी. त्याची परीक्षा एकच, सागाचे वाळके पान मुठीत आवळावे. दुमडले तर बरे, पीठ जाहले तर त्या दिवशी रानात काडी ओढू नये. माघात एके दिवशी पानाचे पीठ जाहले, त्याने ढोल वाजविला, लोकांनी कोठेच आग पेटविली नाही, आणि म्हणून वणवा आला नाही. परंतु दरबाराने निवाडा केला की ज्या अर्थी वणवा आला नाही त्या अर्थी ढोल खोटा. मग लेखी हुकूम जाहला की तांबडा रंग आल्यावाचून ढोल वाजविल्यास चाकरी गेली.

पुढे मोहफुलांचा हंगाम आला. पायथ्याच्या पाड्यावरील बायकांचा रिवाज ऐसा की मोहाखालचा पाला सकाळी जाळून जागा साफ करावी, म्हणजे गळालेली फुले वेचता येतात. फाल्गुन वद्य पंचमीस कचेरीचा हिरवा हुकूम पाड्यावर पोहोचला, आणि सुकरूची बायको सोमारीबाई न्याहारी घेऊन माथ्यावर आली, तो सुकरू मूठ उघडून बसलेला, आणि मुठीत पीठ.

"आज पाला जाळू नोको," तो म्हणाला.

"कचेरीनं तं हिरवा धाडला म्हणे."

"कचेरीत साग हाये का?"

"अन् ढोल वाजवला तं चाकरी जाईन तुमची. मंग?"

सुकरू भ्याला. दुसरा आधार त्यास नव्हता, आणि हुकूम खिशातच होता. तो खालच्या पाड्याकडे बोट दाखवून बोलिला, "चाकरी गेली तं मोहफुलं वेचू. पाडा जळला तं कुठं जाऊ?" आणि उठून ढोल बडविला.

ढोल ऐकून बायकांनी काड्या कमरेला खोचल्या, आणि पुरुषांनी पाड्याभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडविणारा मोकळा पट्टा, झाडून लख्ख केली. इकडे रंग हिरवा म्हणून विसाजीपंतांनी समोरच्या डोंगरावर वनभोजन मांडिले होते. दुपारी वारा सुटला, चुलीतले निखारे गवतात गेले, आणि बघता बघता दोन डोंगर पेटले. मंडळी पाने वाढलेली तशीच टाकून पळाली, आणि आग पाड्यावर चालून आली, ती जाळरेषेपाशी अडली, आणि लोकांनी ओल्या फांद्यांनी दिवस मावळेतो बडवून तिला निजविली. विसाजीपंत सोमारीबाईच्या ओसरीवर तीन तांबे पाणी प्याले.

चौकशी बसली. दरबार न्यायी, त्याने चूक मान्य केली, आणि यंत्र वाघडोंगरीवर चढविले, आणि सुकरूस शालजोडी देऊन 'पर्णपरीक्षक' ऐसा किताब दिला, आणि ऐशा मोलाच्या माणसाने काट्याकुट्यांत राहणे शोभत नाही म्हणून कचेरीच्या बागेत, कारंजाशेजारी नेमणूक केली. सुकरू हात जोडून म्हणाला, "मालक, तिथं ढोल कोण वाजवीन?" उत्तर जाहले की त्याचा विचार पुढील बैठकीत होईल.

बैठक वर्षभर भरली नाही. पुढील फाल्गुनी सुकरूने बागेत पान आवळिले, ते शिंपणाने भिजलेले, मऊपणे दुमडले. त्याने शालजोडी घडी करून कारंजाच्या कठड्यावर ठेविली, कचेरीच्या कोठीत जमा केलेला आपला ढोल काढिला आणि डोंगराची वाट धरिली.

तात्पर्य, त्या हंगामी पाड्यावर एकही झोपडी जळाली नाही. दरबारी नोंद जाहली की यंत्रामुळे बंदोबस्त उत्तम जाहला, पर्णपरीक्षक मात्र फाल्गुनभर गैरहजर, सबब चाकरीवरून दूर. सुकरू हल्ली मोहफुले वेचितो, आणि वेचण्याआधी रोज एक पान मुठीत आवळितो.