सरावापुरते दिवंगत

ऑफिसात पाण्याचा कूलर आणि हिशेबनीस तेरीज यांच्यात हातभराचं अंतर होतं. ज्याला तहान लागे तो तेरीजच्या डोक्यावर येऊन उभा राही, आणि ग्लास भरेपर्यंत करायचं काय म्हणून त्याच्याशी बोले. बेरीज अर्ध्यावर आली की कुणीतरी विचारी, "काय, कामात का?" मग तेरीज पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरू करी. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही, हा त्याचा बाणा होता, म्हणून जमाखर्चाचा ताळा घेणाऱ्या तेरजेचं नाव त्याला पडलं होतं. त्याला आयुष्यात फार काही नको होतं. एक दार हवं होतं. स्वतःचं, आतून लावता येणारं.

एका सकाळी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं.

"माणसं मरायची थांबतात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग आपण का थांबलोय?"

साहेबांचं म्हणणं साधं होतं. माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घ्यायचं, ज्याला प्रोबेट म्हणतात. मग त्याच्या चीजवस्तूंची नोंद करायची, देणी भागवायची आणि उरलेलं वारसांत वाटायचं. आजवर हे वकील करत होते. आता हिशेबवाल्यांनीही यात हात घालावा, असं साहेबांना वाटत होतं, कारण या धंद्यात गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही.

"यासाठी एक प्रशिक्षण असतं म्हणे. तू जा, आणि ते कितपत कामाचं आहे त्याचं मूल्यमापन करून दे. चांगलं निघालं तर नवा विभाग काढू. मग कोपऱ्यातली ती केबिन..."

साहेबांनी वाक्य तिथेच सोडलं. तेरीजने ते मनात पूर्ण केलं, कडीकोयंड्यासकट.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई त्याआधी 'हसतखेळत मीटिंग' शिकवत असत. तिथलं हसू त्यांनी इथे तसंच आणलं होतं. "आपला मयत म्हणजे आपला मित्र," असं म्हणत त्या पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत. शेवटी त्यांनी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. हॉल थंड होता का, खुर्च्या मऊ होत्या का, बिस्किटं पुरली का, असे त्यात प्रश्न होते. सगळ्यांनी पाचपैकी चार गुण दिले. पाच दिले तर आपण भोळे दिसतो आणि तीन दिले तर कारण लिहावं लागतं.

तेरीजने हात वर केला. "बाई, आम्ही काही शिकलो की नाही, हे यात कुठे लिहायचं?"

बाई जरा गोंधळल्या. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तुम्ही असं करा," त्या म्हणाल्या, "एक अख्खी इस्टेट हाताळून दाखवा. रविवारी मी स्वतः बघायला येते."

"मयत कुठून आणू?"

"बघा की घरातच कुणी आहे का."

घरात कुणी नव्हतं. तेरीजच्या नात्यातली माणसं एकजात ठणठणीत होती. शेवटी त्याने आपल्या मामांना गळ घातली. मामा एकटे राहत. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले होते आणि गच्चीवरून दुर्बिणीने पक्षी बघत असत.

"मला काय करायचंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. मेलेलं राहायचं."

"जमेल," मामा म्हणाले. "जन्मभर लोकांना वर पाठवायचंच काम केलंय."

शनिवारी सकाळी तेरीज पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि मामांच्या घरातल्या एकेका वस्तूवर आकडा डकवत सुटला. आरामखुर्चीवर चिठ्ठी चिकटवून होते न होते तोच मामा तिच्यात बसायला आले.

"मामा, खुर्ची गोठवली आहे."

"म्हणजे?"

"वाटणी होईपर्यंत इस्टेटीतल्या कुठल्याच वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

"अरे, माझीच आहे ती."

"होती," तेरीज म्हणाला.

दुपारपर्यंत मामांचा पलंग, पंखा, चपला आणि दाढीचा ब्रश गोठला. मामा जमिनीवर बसून राहिले. दुर्बीण कुणाला द्यायची, असं तेरीज स्वतःशीच पुटपुटला, तेव्हा मामांनी सांगायला तोंड उघडलं.

"मयताचा सल्ला घ्यायचा नाही," तेरीज म्हणाला. "नियम आहे."

आता वारसांना कळवणं राहिलं होतं. तेरीजने घरच्या ग्रुपवर रीतसर सूचना टाकली. 'मामांच्या इस्टेटीवर ज्यांचा हक्क असेल त्यांनी रविवारी दहा वाजता पुराव्यासह हजर राहावे. टीप क्रमांक चार पाहावी.' टिपा शेवटी, बारीक अक्षरात होत्या. पहिल्या तीन टिपांत तारखा आणि व्याख्या होत्या. चौथीत लिहिलं होतं, 'मामा जिवंत असून हा केवळ सराव आहे.' हिशेबाच्या धंद्यात महत्त्वाची गोष्ट तळटिपेतच असते. तेरीजने आजवर एकही तळटीप न वाचता सोडली नव्हती, आणि जगही असंच वागत असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. मग शिस्तीप्रमाणे त्याने मयताचा फोन बंद करून त्यावरही चिठ्ठी लावली.

रविवारी दाराची घंटा वाजली तशी त्याने मामांना आतल्या खोलीत बसवलं. दारात मावशी उभी होती, डोळ्यांना पदर लावून.

"दादा गेला रे," असं म्हणून तिने हंबरडा फोडला.

मावशीने सरावात एवढा जीव ओतलेला पाहून तेरीजला भरून आलं. "फार छान, मावशी," तो म्हणाला.

मावशीचं रडं थांबलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे तिला पटलं, म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मागोमाग तिचा मुलगा आला. मग हंबरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. पाठोपाठ ज्यांना तेरीजनेही कधी पाहिलं नव्हतं असे दोन चुलत वारस आले. बाई वही घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

"हा मिक्सर दादानं मला कबूल केला होता," मावशी आतून म्हणाली. आवाज आता कोरडा होता.

"आई, पक्षी मलाही आवडतात," मुलगा दुर्बीण गळ्यात अडकवत म्हणाला.

"तुला कावळा आणि कबुतर यातला फरक कळत नाही."

"दुर्बिणीतून कळेल."

"शिडी माझी आहे," शेजारी म्हणाले. "गेल्या वर्षी मामांना दिली होती. देव माणूस, पण शिडी परत देत नव्हता."

"पुरावा?" तेरीजने विचारलं.

"गेलेल्या माणसाबद्दल मी खोटं बोलेन का?"

तासाभरात मिक्सरचं भांडं एकीकडे आणि झाकण दुसरीकडे गेलं. चुलत वारसांनी आरामखुर्ची दोन्ही बाजूंनी धरली. शेजारी शिडीवर चढून बसले, म्हणजे ताबा सिद्ध होईल. बाई भराभरा लिहीत होत्या. "इतका जिवंत सराव मी पाहिला नाही," त्या तेरीजच्या कानात म्हणाल्या. तेरीजला केबिनचं दार दिसू लागलं. नव्या बिजागऱ्यांचं, अजिबात न करकरणारं.

तेवढ्यात दुर्बिणीचा पट्टा तुटल्याचा आवाज झाला आणि आतल्या खोलीतून मामा बाहेर आले.

"ती खाली ठेव," मामा मावशीच्या मुलाला म्हणाले. "संध्याकाळी मला लागते."

शेजारी शिडीवरून अर्धे उतरले आणि तिथेच राहिले. मावशी जवळच्या खुर्चीत धपकन बसली. तेरीज तिला खुर्ची गोठवल्याचं सांगणार होता, पण त्याने नाद सोडला.

"दादा, तू गेला नाहीस?"

"सरावापुरता गेलोय."

"टीप क्रमांक चार," तेरीज म्हणाला.

त्याच्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. चौथी टीप सोडाच, पहिलीदेखील कुणी वाचली नव्हती. मावशीने तेरीजला काय काय सुनावलं ते बाईंनी वहीत लिहून घेतलं नाही. मग ती जरा शांत झाली, आणि थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मग मिक्सरचं काय?"

मामा हसले. "सहा वर्षांत एवढी माणसं या घरात आली नव्हती," ते म्हणाले. "मी मरून बरं केलं."

मग त्यांनी तेरीजच्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या आणि एकेकाला जवळ बोलावलं. मिक्सर मावशीला, पण मी गेल्यावर. शिडी शेजाऱ्यांना, आत्ताच घेऊन जा, आणि तिच्यावरून खाली उतरा. दुर्बीण मावशीच्या मुलाला, पण दर रविवारी येऊन आधी पक्षी ओळखायला शिकायचं. चुलत वारसांना त्यांनी आधी नावं विचारली. जो यायचा थांबेल त्याच्या वस्तूवरची चिठ्ठी बदलेल, एवढं सांगून त्यांनी सगळ्यांना चहा दिला. भांडण अर्ध्या तासात मिटलं. एरवी अशा वाटण्या कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळतात.

बाई भारावल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी मोठ्या साहेबांना कळवलं, की या क्षेत्रातली सगळ्यात मोठी अडचण आपल्या लक्षातच आली नव्हती. इस्टेटीच्या वाटणीत नेमका मयत गैरहजर असतो.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. मरणाआधी माणसाकडून एकदा सराव करून घ्यायचा, ही कल्पना त्यांना इतकी पटली की तेरीजने आपलं मूल्यमापन पुढे केलं तेव्हा त्यांनी ते उघडलंही नाही. त्यात शेवटी, बारीक अक्षरात, केबिनबद्दल एक टीप होती.

पुढच्या सोमवारी नवा विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुखपदी प्रत्यक्ष मरणाचा अनुभव असलेला माणूस हवा, याबद्दल साहेब आणि बाईंचं एकमत झालं होतं. तेरीज फायली घेऊन कोपऱ्यातल्या केबिनपाशी गेला. दार खरंच करकरत नव्हतं. त्याने टकटक केलं.

"ये," आतून मामा म्हणाले. "पण उभा राहा. खुर्ची गोठवली आहे."